डाकियाचा तिसरा पूल

अनुश्रीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. त्या वेळी जपानात सकाळचे आठ वाजलेले असतात आणि तिला ज्यांच्याशी बोलायचं असतं ती माणसं कामाला बसतात. आमची गल्ली झाशीत, लक्ष्मी गेटच्या आत आहे. तिथे पहिला दिवा माझा लागतो, दुसरा तिच्या स्वयंपाकघरातला. माझं कारण साधं आहे. निवृत्तीला तेरा वर्षं झाली तरी पहिल्या पाळीची सवय सुटली नाही. तिचं कारण गल्लीत कोणाला धड माहीत नाही. कोणी म्हणतं कॉल सेंटर. दूधवाला म्हणतो, "दीदी दिनभर गेम खेलती हैं, और तनख्वाह भी मिलती है." म्हणून हे लिहायला घेतलं.

अनुश्री ही भीमरावची मुलगी. भीमराव आणि मी भुसावळकडून एकाच वर्षी झाशीला आलो आणि ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात एकाच खात्यात लागलो. तांब्याची पट्टी साच्यावर गुंडाळून कॉइल करायची, हे आमचं काम. वेढे मोजायचे. एक वेढा चुकला तर कॉइल बाद. भीमरावला एकदा कॉइल पूर्ण झाल्यावर एका वेढ्याची शंका आली. सुपरवायझर म्हणाला, उद्या मीटरवर लावून बघू. भीमरावने थांबून सगळी उलगडली आणि पुन्हा गुंडाळली. वेढे बरोबरच होते. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. मला तेव्हा तो वेडा वाटला होता.

त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. घरात आता चंद्रभागावहिनी आणि अनुश्री. दोन खोल्या आणि वर मोकळी गच्ची. अनुश्रीचं टेबल स्वयंपाकघरात, ओट्याच्या समोर. एका बाजूला कुकर, दुसऱ्या बाजूला दोन पडदे आणि तारांचं जाळं.

तिचं काम असं. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी टीव्हीला डबा जोडून, त्यात कॅसेट खुपसून मुलं व्हिडिओ गेम खेळायची. ते डबे बंद झाले. ते टीव्ही भंगारात गेले. खेळ मात्र कॅसेटच्या आतल्या चिपमध्ये अडकून राहिले. बनवणाऱ्यांचे मूळ कागदसुद्धा बहुतेक ठिकाणी हरवलेले आहेत. अनुश्री चिपमधलं सगळं काढून घेते आणि त्या जुन्या डब्याचं वागणं आजच्या फोनमध्ये हुबेहूब उभं करते. खेळाला कळतच नाही की आपण दुसऱ्या घरात आलो आहोत. मग बाकीची कामं. चौकोनी चित्र लांब पडद्यावर न ताणता बसवायचं. बटणं काचेवर आणायची, तीही अशी की जाड बोटाच्या माणसाला जमली पाहिजेत. खेळ मध्येच सोडून उद्या तिथूनच धरता आला पाहिजे. एका खेळाला पाच महिने लागतात, रोजचे नऊ तास. मी पाहिलं आहे. खेळणं त्यात शेवटी येतं आणि तेही तपासायला.

हे ती कुठे शिकली? शिकवायला कोणी नव्हतं. कॉम्प्युटरची पदवी इथल्याच कॉलेजातली. नंतर सहा वर्षं चिरगाँवच्या एका शाळेत मुलांना माउस धरायला शिकवलं. सकाळची बस, दुपारची बस. बसमध्ये जागा मिळाली तर पुस्तक, नाही मिळाली तर दांड्याला धरून पुस्तक. एक जुना मोडका खेळ तिने स्वतःच्या हौसेने चालता केला आणि इंटरनेटवर ठेवला. तो पुण्यातल्या भूषण नावाच्या माणसाने पाहिला. त्याची छोटी कंपनी हेच काम करते. त्याने तिला खेळागणिक काम द्यायला सुरुवात केली.

वहिनींना ते पटलं नव्हतं. मला म्हणाल्या होत्या, "भावजी, पाव्हण्यांनी विचारलं तर काय सांगू? मुलगी खेळते?"

"सांग, मुलगी डागडुजी करते," अनुश्री म्हणाली.

"आणि पस्तीस वय झालं तेही सांगू?"

"छत्तीस, आई. नीट मोज."

दोन वर्षांपूर्वी भूषणने तिला पहिल्यांदा एक अख्खा खेळ स्वतःच्या ताब्यात दिला. अट त्याने स्पष्ट सांगितली, आणि फोन स्पीकरवर होता म्हणून मीही ऐकली. "ताई, हा खेळ ज्यांनी बनवला ते गृहस्थ अजून आहेत. जपानात असतात, वय पंचाहत्तर. त्यांनी पास केला तर तुमची नोकरी पक्की, आणि झाशीतूनच. नापास केला तर मी खेळ इथल्या टीमकडे देतो. मग तुमच्यासाठी माझ्याकडे दुसरं काम नाही, खरं सांगतो." म्हणजे चिरगाँवची बस.

खेळ कोणता ते ऐकल्यावर मात्र ती हसली. भीमरावने नव्वदच्या दशकात सदर बाजारातून डबा आणला होता आणि त्याबरोबर एका कॅसेटीत शंभर खेळ असं लिहिलेली एक कॅसेट. निघाले बावीस. त्यातला एक हाच. खांद्यावर थैली घेतलेला पोस्टमन पूल ओलांडत गावोगाव चिठ्ठ्या टाकतो. नाव जपानीत, कोणाला वाचता येईना. तेव्हा आम्ही कारखान्याच्या कॉलनीत राहायचो; तिथल्या मुलांनी त्याला डाकिया म्हटलं. तिसऱ्या पुलाच्या फळ्या पायाखालून एकेक पडतात. तो पूल ओलांडला की कॉलनीत मान मिळायचा. अनुश्री दहाव्या वर्षी ओलांडायची.

जपानहून मूळ चिप आली. दीड महिन्यात खेळ फोनवर चालायला लागला. त्या दिवशी तिने मला खिडकीतून हाक मारली.

"काका, हे बघा. हा पळतोय."

मी पाहिलं. पोस्टमन धावत होता. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

"हा असा नव्हता. तिसरा पूल मला पारच होत नाहीये. माझंच काहीतरी चुकलंय."

आठ दिवस तिने स्वतःचं काम ओळ न् ओळ तपासलं. चूक सापडली नाही. मी तिला कारखान्यातली रीत सांगितली. शंका आली की नमुन्याशी ताडायचं. आठवण हा नमुना नाही.

तिने माळ्यावरून बापाचा डबा काढला. कॅसेट निघाली. टीव्ही कुठून आणायचा? गेटजवळच्या रिपेअरवाल्याकडे जुना एक उरला होता. तो धूळ झटकत म्हणाला, "बहनजी, इसको ले जाओगी तो वापस मत लाना." हातगाडीवरून तो घरी आणला. सगळं जोडलं आणि डाकिया लागला. तो सावकाश चालत होता, अगदी तिच्या आठवणीतल्यासारखा.

आम्ही मोजलं. पूल सुरू होतो तिथपासून संपतो तिथपर्यंत. ती खेळायची, मी घड्याळ धरायचो. एका मोजणीवर मी विश्वास ठेवत नाही. वीस घेतल्या. जुन्या टीव्हीवर सहा सेकंद. फोनवर पाच. वीसच्या वीस वेळा.

"ठरलं," ती म्हणाली. तिने फोनवरचा खेळ तेवढा सावकाश केला. तिसरा पूल पार झाला. फोनवर चाल बदलली की आवाज आणि बटणांचा मेळ बिघडतो. तो नीट बसवायला दोन महिने गेले. मग खेळ जपानला गेला.

पंधरा दिवसांनी पहाटे पावणेपाचला व्हिडिओवर बोलावणं आलं. मला तिने मुद्दाम बसवून घेतलं. मोजणी माझी होती. पडद्यावर ते म्हातारे गृहस्थ, शेजारी दुभाषी बाई. गृहस्थ थोडंच बोलले. बाईंनी इंग्रजीत सांगितलं, अनुश्रीने मला मराठीत.

"काका, ते म्हणतात, हा माझा पोस्टमन नाही. माझ्या पोस्टमनला उशीर झालेला असतो. हा फिरायला निघालाय."

तिने मोजणी सांगितली. सहा सेकंद, वीस वेळा, जुन्या यंत्रावर. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. पाच सेकंद, ते म्हणाले. मी केला आहे. दहा दिवसांची मुदत दिली आणि नमस्कार करून गेले.

भूषणचा फोन लगेच आला. "ताई, पाच तर पाच. आधीचा वेग परत लावा आणि उद्या पाठवून द्या. हट्ट कशाला?"

"उद्या नाही पाठवणार."

"अहो, उत्तर माहीत आहे आपल्याला!"

"उत्तर माहीत आहे. कारण माहीत नाही. चूक कुठे झाली तेच कळलं नाही तर खाली अजून किती चुका असतील?"

"दहा दिवस आहेत, ताई. अकरावा नाही."

"मला मोजता येतं."

तिचं म्हणणं मला पटलं. आतून मात्र मी खजील होतो. घड्याळ माझ्या हातात होतं. मोजणी बरोबर आणि काम नापास, असं माझ्या नोकरीत कधी झालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती दोन्ही यंत्रं शेजारी ठेवून बसली होती. इकडे टीव्ही, तिकडे फोन, फोनवर सावकाश करण्याआधीची प्रत, दोन्हीकडे डाकियाचं तेच गाणं. वहिनी पोळ्या लाटत होत्या. त्या टीव्हीबरोबर गुणगुणायला लागल्या. कॉलनीतल्या घरात वर्षानुवर्षं ते गाणं कानावर पडलं होतं, पाठच होतं. मग अनुश्रीने टीव्ही बंद केला. वहिनी फोनबरोबर गुणगुणल्या आणि चार ओळींत मागे पडल्या.

"काय गं हे? तुझा डाकिया धापा टाकतोय."

"वरच्या पट्टीत जातोय का?"

"नाही. सूर तोच आहे. मेल्याला घाई झाली आहे नुसती."

अनुश्रीचा हात थांबला. "परत म्हण."

"काय परत म्हण? पोळी करपेल."

"आई, सूर तोच आहे? नक्की?"

"भजनी मंडळात चौदा वर्षं आहे मी. सूर मला तू शिकवणार?"

तिने यंत्राने तपासलं. वहिनी बरोबर होत्या. अनुश्री उठून उभी राहिली आणि मला समजावायला लागली. सेल संपत आला की टेपरेकॉर्डर हळू चालतो. तेव्हा गाणं सावकाश होतं आणि आवाजही जाड होतो. दोन्ही एकदम. इथे टीव्हीवर गाणं सावकाश झालं होतं, आवाज जाड झाला नव्हता. म्हणजे डबा दमलेला नव्हता. डबा ठीक होता. मंद होती ती फक्त चाल. मग चाल कशावर ठरते?

"टीव्हीवर," ती म्हणाली. "टीव्हीचं चित्र एका सेकंदात जितक्या वेळा बदलतं, तितकी पावलं डाकिया टाकतो. गाण्याची लयही तिथूनच. काका, आपल्याकडचे टीव्ही सेकंदाला पन्नास चित्रं दाखवायचे. जपानातले साठ."

मी कागदावर हिशेब मांडला. पूल तीनशे पावलांचा. साठने पाच सेकंद, पन्नासने सहा.

इथल्या बाजारातले डबे इथल्या टीव्हीला जुळवून बनवलेले होते. कॉलनीतल्या प्रत्येक घरात डाकिया सावकाशच चालला. आम्ही ज्याला नमुना म्हणून उराशी धरलं तो झाशीच्या टीव्हीचा नमुना होता. कारखान्यात नमुन्याला चिठ्ठी बांधलेली असते, कोणी पास केला, कधी. या डब्याला चिठ्ठी नव्हती आणि मी ती मागितली नाही. चूक तिची अर्धी, माझी अर्धी. मी तसं बोलून दाखवलं.

"अर्धी नको काका, पाऊण घ्या," ती म्हणाली आणि हसायला लागली. "म्हणजे आम्ही सगळे चॅम्पियन सोप्या रस्त्यावरचे!"

सात दिवस उरले होते. दोन महिन्यांत सावकाश चालीसाठी जे जे बदललं होतं ते सगळं तिने काढून टाकलं. आधीची प्रत ठेवलेली होती, ती नुसती परत लावली असती तर एका दिवसात झालं असतं. ती तिने लावली नाही. त्या प्रतीनंतर बटणं, आवाज, चित्र यांत बऱ्याच सुधारणा झाल्या होत्या. त्या राखायच्या आणि चाल तेवढी बदलायची, तर एकेक धागा वेगळा करावा लागतो. पाच दिवस लागले. मला भीमरावची ती कॉइल आठवली, पण मी तिला काही म्हटलं नाही. कामात असलेल्या माणसाशी बोलू नये.

नंतरचे दोन दिवस ती खेळली. तिचा नियम आहे. जो खेळ आपण पहिल्यापासून शेवटपर्यंत पार केला नाही तो दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. साठच्या चालीने तिसरा पूल तिला येत नव्हता. हात लहानपणीच्या लयीला सरावलेले. फळी पडायची, ही उडी मारायची, मध्ये एक श्वास उशीर. पहिल्या दिवशी एकशे अठरा वेळा ती नदीत पडली. मोजणी माझीच.

"भावजी, हिला कोणी सांगा, पाण्यात पडून पडून सर्दी होईल," वहिनी म्हणाल्या.

"आई, शांत बस."

"मी शांतच आहे. तोच आरडाओरडा करतो पडताना."

दुसऱ्या दिवशी दुपारी पूल पार झाला. संध्याकाळी खेळ संपला. तिने कपाळावरचा घाम पुसला, फोन ठेवला आणि पत्र लिहायला घेतलं. खेळाबरोबर पत्र पाठवायची रीत नाही. भूषण नको म्हणत होता. तिने लिहिलं. मला वाचून दाखवलं, ते असं होतं:

"तुमचा पोस्टमन पाच सेकंदांत पूल ओलांडतो, हे आता मला कळलं. आमच्या टीव्हीने त्याला सावकाश केला होता आणि मी लहानपणापासून तेच खरं मानत आले. ज्या कॅसेटवर आम्ही तो खेळलो ती चोरीची होती, हेही सांगते. आता खेळ तुमच्या चालीचा आहे. मी तो शेवटपर्यंत पार करून पाठवते आहे. एक विनंती आहे. आमच्यासारख्या देशांत पुष्कळ मुलांना सावकाश पोस्टमनच माहीत आहे. ती आता चाळिशीला आली. त्यांच्यासाठी ती चालही आत ठेवू का? तुम्ही नाही म्हणालात तर ठेवणार नाही."

"चोरीचं कशाला लिहिलंस?" भूषणने विचारलं. "नापास करायला त्यांना आयतं कारण."

"खरं आहे म्हणून."

दोन दिवस उत्तर आलं नाही. ती साडेचारला उठून बसायची, चहा निवायचा. तिसऱ्या दिवशी पहाटे पडद्यावर ते गृहस्थ आले. या वेळी हातात फोन होता आणि फोनमध्ये पोस्टमन. त्यांनी विचारलं, भारतात मी एकही कॅसेट विकली नाही, तिथे किती मुलं खेळली?

अनुश्री म्हणाली, "आमच्या कॉलनीत तेवीस. देशात कोणी मोजली नाहीत."

ते बराच वेळ काहीतरी बोलले. दुभाषी बाई मध्येच हसली. मग अनुश्रीने मला सांगितलं. खेळ पास. मुख्य चाल साठची. पन्नासची चाल आत ठेवायला परवानगी, एका अटीवर. त्या चालीने पूल ओलांडणाऱ्याला गुण अर्धे.

"अर्धे?" मी म्हणालो.

"बरोबर आहे काका. मेहनत कमी आहे ना."

मला ते गृहस्थ आवडले.

खेळ दिवाळीआधी फोनवर आला. कॉलनीतल्या तेवीसपैकी अकराजणांनी तिला फोन केले. कोणी नागपुरात, कोणी बबीन्याच्या छावणीत, एक कॅनडात. सगळ्यांची तक्रार एकच, अर्धे गुण का. तिने सगळ्यांना सांगितलं, साठवर खेळा आणि पूर्ण घ्या.

नोकरी पक्की झाली. नियुक्तीच्या कागदावर कामाचं ठिकाण म्हणून झाशी लिहिलं आहे. तो कागद वहिनींनी मला दोनदा दाखवला आणि तिसऱ्यांदा दूधवाल्याला.

पुढच्या चौदा महिन्यांच्या पगारातून अनुश्रीने गच्चीवर खोली बांधली. दहा बाय बारा. विटा गेटपासून हातगाडीने आणल्या, गल्लीत ट्रॅक्टर शिरत नाही. मी उभा राहून विटा भिजवून घेतल्या. मिस्त्री वाळू चाळायला कंटाळत होता, चाळून घेतली. उत्तरेला मोठी खिडकी, तारांसाठी भिंतीत आधीच नळ्या टाकल्या. तिचं टेबल वर जायचं होतं. खोलीला रंग लागला त्या दिवशी वहिनी जिना चढून वर गेल्या, खिडकीपाशी उभ्या राहिल्या, वाऱ्याकडे तोंड करून.

"इथे बरं आहे," म्हणाल्या. "मी इथे राहते."

"आई, ही माझ्या कामाची खोली आहे!"

"तू खाली बस. चहा हाताशी आहे. तुझं ते दिवसभराचं टुंगटुंग मला पुरे झालं."

अनुश्रीने माझ्याकडे पाहिलं. मी मिस्त्रीशी बोलायला लागलो. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी वहिनींची खाट वर चढवली.